वर पक्के, खाली पक्के

आमची दुर्गा तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कुणी म्हणायला नको की म्हातारीनं भाचीचं गोडगोड वर्णन केलं. फटकळ आहे, हट्टी आहे आणि सकाळचा चहा पोटात जाईपर्यंत तिच्याशी बोलायची सोय नाही. माझ्यावर गेलीय म्हणतात. म्हणोत बापडे. कुणावर तरी जायलाच हवं ना!

मी कुसुम वाबळे, तिच्या बापाची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, तशी मी माहेरी परत आले आणि येताना माहेरचं आडनावही परत घेतलं. तेव्हा आमच्या लष्कर भागातल्या चार बायकांनी नाकं मुरडली होती. त्या बायका आता नाहीत, मी आहे.

आमचं घर पाटणकर बाजाराच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. तीन खोल्या, आणि सध्या माणसंही तीनच, तिन्ही बायका. मी, माझी भावजय राजलक्ष्मी आणि तिची लेक दुर्गा. दुर्गाचं लग्न भोपाळला झालं होतं. नवरा हात उगारायचा. दोनदा सहन केलं, तिसऱ्यांदा त्याचाच हात धरून पिरगाळला आणि बॅग उचलून स्टेशन गाठलं. पुढे रीतसर कोर्टातून घटस्फोट घेतला. तिच्या बापानं, आमच्या बाळनं, दारात तिला बघितलं तेव्हा एकच विचारलं, "जेवलीस का?" माझा भाऊ असा होता.

दुर्गा घरी बसून लोकांच्या वेबसाइटी बनवते. कंपू मोहल्ल्यात दवाखाने आणि लॅबवाले पुष्कळ, त्यांचं काम तिच्याकडे फार. लॅबमध्ये शेकड्यानं तपासण्या, त्यांचे लांबच्या लांब तक्ते. ते फोनवर बघायला लागलं की कुठला आकडा कशाचा हे दोन ओळी खाली गेलं की कळत नाही. दुर्गा ते तक्ते असे बनवते की वरची शीर्षकाची ओळ हलत नाही, खालची एकूण बेरजेची ओळ हलत नाही, फक्त मधलं सरकतं. आणि कुठल्याही शीर्षकावर बोट दाबलं की मधल्या ओळी आपोआप नव्यानं लागतात. नावावर दाबा, नावाप्रमाणे. वयावर दाबा, वयाप्रमाणे.

मी म्हटलं, "हे आहे काय नक्की?"

"आत्या, टेम्पो समज. ड्रायव्हर पुढे, कंडक्टर मागे लटकलेला. ते दोघं आपली जागा सोडत नाहीत. मधली सवारी चढते, उतरते, सरकून बसते. जो जिथे बसला तिथे. कुणाच्या बापाची सीट नाही."

कुणाच्या बापाची सीट नाही. हे वाक्य लक्षात ठेवा.

आता मंडळाचं सांगते. दख्खनेतून फौजेबरोबर आलेल्या आम्हा मराठा घरांचं इथं उत्तरेत एक मंडळ आहे. तलवारी केव्हाच गंजल्या. कुणी बँकेत आहे, कुणी वकील, कुणाचं टायरचं दुकान. पण दसऱ्याच्या संध्याकाळी मंडळाच्या पानसुपारीला गेलात तर वाटेल अजून दरबारच भरतोय. एकेका घराचं नाव पुकारतात. घरचा कर्ता उठतो, पुढे जातो, अध्यक्ष त्याच्या मनगटाला अत्तर लावतात, हातात विडा देतात. पुकारायचा क्रम ठरलेला. आधी मानाची घराणी, मग बाकीची, आणि मंडळाची पुस्तिका छापली जाते तीही त्याच क्रमानं.

पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर लिहिलेलं असतं, 'इतर'. ज्या घरात पुरुषमाणूस उरला नाही ती घरं तिथं. विधवा, सोडलेल्या, सोडून आलेल्या, लग्नच न केलेल्या. त्यांची नावं पुकारत नाहीत. विडे ताटात घालून मागे बायकांच्या बाजूला पाठवून देतात. अत्तर नाहीच. इतक्या वर्षांत कुणी विचारलंही नाही की का नाही. मी तरी कुठे विचारलं? बाळ होता, आमचं नाव पुकारलं जात होतं, मला काय पडलं होतं!

बाळ गेल्या वर्षी चैत्रात गेला. त्या दसऱ्याला आम्ही तिघी पानसुपारीला गेलो. दरवर्षी घाडग्यांचं नाव झालं की आमचं यायचं. घाडगे झाले. राजलक्ष्मीनं सवयीनं पदर सारखा केला, खुर्चीतून अर्धी उठली, हात थोडा पुढे केला. पुकारणाऱ्यानं नाव घेतलं, "माने."

ती तशीच अर्धी उभी. मग हळूच खाली बसली आणि हात पदराखाली घेतला. हसली पण, जशी काही चूक तिचीच. अहो, मला इतकं रडू आलं की दात ओठात रुतवून बसले. पाठीमागून ताट आलं, तिघींना तीन विडे. दुर्गानं आपला विडा तसाच ताटात परत ठेवला.

घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "अगले साल आपलं नाव पुकारतील. बघच तू."

"कसं ग?"

"ते मला माहीत नाही. पण पुकारतील."

यंदा मंडळानं ठरवलं, पुस्तिका छापणं बंद, सगळं वेबवर. अध्यक्ष दौलतसिंहांनी निरोप धाडला की आपल्या घरचीच मुलगी आहे, तिनंच करावं. दुर्गा लगेच हो म्हणाली. मला तिथंच शंका यायला हवी होती, कारण ही पोरगी कशालाही लगेच हो म्हणत नाही.

महिनाभर ती घरोघर फोन करत होती. नाव, मोहल्ला, वय, रक्तगट, फोन नंबर. आमच्या घराचा कर्ता कोण लिहायचा यावर आमच्याच घरात वाद. राजलक्ष्मी म्हणाली, "दुर्गा, तूच. कमावतेस तू." दुर्गा म्हणाली, "आई, तू." मग दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

"माझ्याकडे काय बघता? मी माहेरवाशीण!"

"पन्नासेक वर्षं माहेरी राहतेस, अजून माहेरवाशीण?" दुर्गा म्हणाली. "घरात सगळ्यात मोठं कोण? तूच ना? मग झालं."

अन् लिहून मोकळी. कुसुम वाबळे, पाटणकर बाजार.

तक्ता काही सरळ झाला नाही. पहिल्यांदा माझ्या फोनवर उघडून दाखवला तर वरची ओळ जागेवर, खालच्या ओळी भलतीकडेच सरकलेल्या. मी म्हटलं, "दुर्गे, 'वय' लिहिलंय त्याच्या खाली 'कंपू' दिसतंय. हे कुठलं वय?" तिनं कपाळावर हात मारला. डोकं एका मापाचं आणि धड दुसऱ्या मापाचं झालं होतं म्हणे. दोन्हींच्या रकान्यांची रुंदी जुळवता जुळवता तिच्या नाकी नऊ आले. मोठ्या स्क्रीनवर बसलं की फोनवर बिघडायचं, फोनवर बसलं की मोठ्यावर. त्या दिवसांत तिच्या खोलीत डोकावायची माझीही छाती नव्हती, म्हणजे बघा.

शेवटी जमलं. काय सुरेख दिसत होतं! वर शीर्षक, खाली एकूण घरं, मधे सगळी नावं. 'इतर' नाहीच. वाबळे घाडग्यांच्या शेजारीही येतील, मान्यांच्या वरही, दाबाल तसं.

दसऱ्याच्या आधी तिनं तो कार्यकारिणीला दाखवला. गुडघे दुखत असतानाही मी जिना चढून गेले. दौलतसिंहांनी टेबलावर फोन ठेवला, चष्मा लावला, एका शीर्षकावर दाबलं. ओळी भराभर बदलल्या आणि त्यांच्या घराण्याचं नाव कुठल्या कुठे खाली गेलं. चेहरा बघायला हवा होता तुम्ही.

"हे काय? आमचं नाव कुठे गेलं?"

"आहे ना काका. मधे आहे. खाली सरकवा, दिसेल."

"सरकवा? मी माझं नाव शोधायचं?" त्यांनी फोन तिच्याकडे ढकलला. "हे बघ बेटा, तू हुशार आहेस, पण रीत समजून घे. मानाची घराणी वर पक्की पाहिजेत. कुणी काहीही दाबो, ती हलायला नकोत. आणि 'इतर' खाली. तेही पक्के. वर यायला नकोत."

"काका, पक्कं फक्त शीर्षक असतं आणि बेरीज. माणसं पक्की करत नाहीत."

"मग कर. नाहीतर दुसऱ्याला देतो काम. आणि तुमचं घर इतरांत का ते तुला सांगायला नको. घरात कुणी पुरुष आहे का?"

माझ्या तोंडात शिवी आली होती. खरंच आली होती. हा दौलत लहानपणी बाळबरोबर खेळायला आमच्याकडे यायचा, मी त्याचा शेंबूड पुसलाय! पण दुर्गानं टेबलाखालून माझा गुडघा दाबला, तोही दुखरा.

"म्हणजे वर पक्के, खाली पक्के," ती अगदी शांतपणे म्हणाली. "कुणी कितीही सरकवलं तरी बिलकुल हलायचे नाहीत. असंच ना?"

"बिलकुल नाहीत."

"सगळ्यांच्या फोनवर?"

"सगळ्यांच्या फोनवर."

"ठीक आहे काका. करते."

जिना उतरताना मी तिला सोडलं नाही. "करते? करते म्हणालीस? बाप असता तर त्यानं फोन त्याच्या डोक्यात घातला असता! आईला परत तिथं बसवायचं, ताटातला विडा घ्यायला? तुझ्या जिभेला काय झालं आज?"

"आत्या, उतर नीट. पायरी तुटकी आहे."

एवढंच. घरी आली, दार लावून कामाला लागली. मी तिच्याशी बोलणं टाकलं. राजलक्ष्मीला म्हटलं, पोरगी मऊ पडली. राजलक्ष्मी म्हणाली, "जाऊ द्या वन्सं, तिनं केलं तेवढं पुष्कळ केलं." ते ऐकून तर माझा आणखीच संताप झाला.

दसऱ्याला महाराज बाडा चौकाजवळच्या हॉलमध्ये आम्ही तिघी मागच्या ओळीत बसलो. मी तर यायला तयारच नव्हते, दुर्गानं हाताला धरून आणलं. भिंतीवर मोठा पांढरा पडदा, त्यावर फोनमधलं सगळं दिसणार होतं, आणि त्यावरूनच नावं पुकारायची होती. लोकांनी आपापल्या फोनवरही तक्ता उघडला. दौलतसिंह नवी पगडी घालून व्यासपीठावर उभे, बाजूला अत्तरदाणी. त्यांनी दोन शब्द बोलून पडद्याकडे हात केला.

पडद्यावर सगळ्यात वर शीर्षक. त्याच्या खाली मानाची घराणी, घट्ट. सगळ्यात खाली 'इतर', तेही घट्ट. आणि या दोन्हींच्या मधे एवढीशी फट. त्या फटीतून एकेक नाव सरकत होतं. घाडगे आले, गेले. माने आले, गेले. खाली मात्र आम्ही बसलेल्याच होतो. कुसुम वाबळे, पाटणकर बाजार. लीलाताई शिंगाडे, कंपू. सुधाताई भोईटे. वर सरकवा, खाली सरकवा, आम्ही जातोय कुठे!

आधी कुणाला कळलं नाही. मग हॉलमध्ये खुसखुस सुरू झाली. माझ्या पुढच्या ओळीतला टायरवाला माने बायकोला म्हणाला, "अगं, माझ्या फोनवर तर आपलं नाव दिसतच नाहीये. ह्या वाबळेच दिसून राहिल्या सारख्या!" मग उठून उभाच राहिला. "अध्यक्षसाहेब, हे काय आहे? वर तुम्ही, खाली त्या, आणि आम्ही काय बिळातून डोकावायचं?"

मग सगळेच बोलायला लागले. मंडळात मधलीच घरं जास्त, आणि तीच फटीत अडकलेली. "आमचं नाव कुठाय?" "अरे वो नीचे वाला हटाओ!" "आधी वरचं हटवा!"

मी दुर्गाकडे बघितलं. ती हाताची घडी घालून बसली होती, ओठाच्या एका कोपऱ्यात हसत. अग सटवे! तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आठवडाभर मी हिच्याशी बोलले नाही!

दौलतसिंह माइकवरूनच ओरडले, "दुर्गा! हे काय करून ठेवलंस?"

ती उठली. "तुम्ही सांगितलं ते, काका. वर पक्के, खाली पक्के, बिलकुल हलायचे नाहीत. सगळ्यांच्या फोनवर."

"काढ त्यांना तिथून!"

दुर्गा ओळींच्या मधून चालत पुढे गेली. मोठ्यानं बोलली नाही, पण शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेलं.

"कुठे काढू? दोनच जागा आहेत. एक तर मंडळाच्या बाहेर. मग इथं सगळ्यांसमोर सांगा, की लीलाताई आमच्या नाहीत, सुधाताई आमच्या नाहीत. माझी आई, जिनं तुमच्या घरच्या लग्नात आठवडाभर राबून लाडू वळले, ती आमची नाही. तुम्ही म्हणा, मी आत्ता पुसते. नाहीतर मधे, सगळ्यांच्यात. बोला."

दौलतसिंहांनी घाम पुसला. समोर बघितलं. लीलाताई पहिल्यांदाच मान वर करून त्यांच्याकडे बघत होत्या. कुणीच अध्यक्षांच्या मदतीला आलं नाही, त्यांच्या घरचंही नाही.

"घे मधे," ते पुटपुटले.

"माइकवर सांगा, काका."

"घे मधे!"

"आणि वरचे?" मान्यांनी विचारलं. "तेपण मधे!" मागून चारपाच जण ओरडले.

दुर्गाकडे तिचा पहिला तक्ता तयारच होता. बोट लावलं आणि पडदा बदलला. वर शीर्षक, खाली एकूण घरं, आणि मधे सगळे. टाळ्या पडल्या. कुणी शिट्टीही वाजवली, दसऱ्याच्या पानसुपारीत! राजलक्ष्मीनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

"पण पुकारायचं कोणत्या क्रमानं?" पुकारणारा गोंधळला.

दुर्गानं फोन दौलतसिंहांपुढे धरला. "तुम्ही अध्यक्ष. तुम्हीच दाबा. जे शीर्षक दाबाल तसं लागेल."

माणूस हुशार हो. क्षणभर विचार केला, पगडी सावरली आणि म्हणाला, "वडीलधाऱ्यांचा मान आधी. याला तर कुणाची हरकत नसावी." आणि वयावर बोट ठेवलं. सगळ्या मंडळात आपल्याहून मोठा कर्ता उरला नाही, हा त्याचा हिशेब. पुरुषांत तो बरोबरच होता. इतरांचंही वय वाढतं, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

ओळी हलल्या. सगळ्यात वर मी. माझ्याखाली दौलतसिंह.

नंतर दुर्गा शपथेवर म्हणाली की मला वाटलं होतं ते नावावर दाबतील. मी तिच्यावर विश्वास ठेवायचा की नाही ते अजून ठरवलेलं नाही.

पुकारणाऱ्यानं अध्यक्षांकडे बघितलं. अध्यक्षांनी पडद्याकडे. मग स्वतःच माइक घेतला. नाव मात्र नीट घेतलं.

"कुसुम वाबळे."

मी उठले. गुडघे मेले दुखत होते, पण म्हटलं आज पडायचं नाही, पडायचंच तर परत येताना पडू. सगळा हॉल वळून बघत होता. मी व्यासपीठाशी पोचले. जवळून बघितलं तर दौलतचे डोळे बाळबरोबर खेळायच्या वेळचेच होते, मार पडायच्या आधीचे. त्यानं अत्तरात फाया बुडवला आणि थांबला. विधवेच्या मनगटाला अत्तर लावायचं की नाही, त्याला कळेना.

मी हात पुढे केला नाही. त्याच्या बोटांतून फाया काढून घेतला.

"विडा दे," म्हटलं. त्यानं दिला. "पुढच्या दसऱ्यालाही मी असेन, तूही अस हो, दौलत," म्हटलं आणि वळले.

तो फाया चिमटीत धरून मी शेवटच्या ओळीपर्यंत चालत गेले. वाटेत घाडगे बसले होते, माने बसले होते, त्यांनी पाय आत घेतले. वास सगळीकडे पसरला, हिना होता. नवरा गेल्यापासून मी अत्तराला हात लावला नव्हता.

राजलक्ष्मी खुर्चीत बसली होती, हात पदराखाली.

"काढ बाहेर," मी म्हटलं.

ती उठली, पूर्ण उभी राहिली, आणि हात पुढे केला.